एकदाच विचारतात

१२ नोव्हेंबर, मंगळवार

इंग्रजीच्या क्लासमध्ये मिस जुमानांनी आज फर्मान काढलं, की प्रत्येकीने रोज चार ओळी इंग्रजीत दैनंदिनी लिहायची. मी लिहिली. 'मी उठले. मी चहा प्याले. मी पार्लरमध्ये गेले. मी आनंदी आहे.' खरं तर सासूशी भांडून घराबाहेर पडले होते. पण इंग्रजीत भांडण कसं लिहायचं ते अजून शिकवलेलं नाही. म्हणून ही दुसरी वही. खरं ते इथे, माझ्या भाषेत, दुपारी अम्मती जरा आडवी झाली की. इंग्रजी वहीत मी रोज आनंदीच असेन.

अम्मती म्हणजे माझी सासू. भांडण झालं ते क्लासवरूनच. निदालला, माझ्या नवऱ्याला, झरकाहून इंग्लंडात जाऊन सहा वर्षं होतील. लीड्स गावात बेकरीत आहे. दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन येतो, अम्मती तो मोठ्या आवाजात लावते, शेजारच्या दोघी-तिघी कॉफीच्या निमित्ताने येऊन बसलेल्या असतात, आणि निदाल म्हणतो, "ये गं सुहेर! घर तुझंच आहे. तू नाहीस तर भिंती खायला उठतात." शेजारणी उसासे टाकतात. आणि मी म्हणते, "आधी तुझं बस्तान नीट बसू दे," किंवा "अम्मतींना एकटं टाकून कशी येऊ?" असंच म्हणायचं असतं. त्याने बोलवायचं, मी नको म्हणायचं, असं सहा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी त्याचे तिथे कायम राहायचे कागद झाले. मी एकोणचाळीसची आहे. मला मूल हवंय. आता नाही झालं तर नाहीच होणार, हे मला कुणी डॉक्टरने सांगायला नको. म्हणून मागच्या शुक्रवारी त्याने "ये" म्हटल्यावर मी म्हटलं, "येते. क्लासला नाव घातलंय. बायकोच्या व्हिसाला तोंडी इंग्रजीची परीक्षा लागते, ती जानेवारीत देते."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "माशाल्ला, माशाल्ला," आणि बेकरीतून बोलावणं आलं म्हणून ठेवला.

अम्मती त्या दिवसापासून घुश्शात आहे. "पोराने प्रेमाने म्हटलं, तर ही बॅगच भरायला निघाली!"

२४ नोव्हेंबर, रविवार

इंग्रज माणसं 'कसे आहात' विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. मिस जुमाना म्हणाल्या, "बरी आहे, म्हणा आणि गप्प बसा."

"आणि त्यांच्या आईची तब्येत? मुलांची परीक्षा? मेव्हण्याचं गुडघ्याचं ऑपरेशन?"

"काहीही विचारायचं नाही, सुहेर."

मग काय बोलतात हे लोक एकमेकांशी? पावसाबद्दल, म्हणाल्या. धो धो पाऊस आला की कुत्री-मांजरं पडतात असं म्हणतात. काम सोपं असलं की त्याला केकचा तुकडा म्हणतात. नाटकात काम करायला निघालेल्या माणसाला पाय मोडो असा आशीर्वाद देतात. मी सगळं पाठ केलं, तर शेवटी म्हणाल्या, कुत्री-मांजरं वापरू नका, आता तिथे म्हाताऱ्यासुद्धा बोलत नाहीत. मग शिकवलं कशाला?

पण खरा धक्का पुढेच होता. पाहुण्याला तिथे चहा एकदाच विचारतात. नको म्हटलं की विषय संपला, पुन्हा कुणी विचारत नाही. आणि हो म्हटलं तर खरोखर आणून देतात. मी पार्लरमध्ये फेर्यालला हे सांगितलं. ती माझी मालकीण कमी आणि मैत्रीण जास्त. गिऱ्हाइकाचे केस धुता धुता ती एवढी हसली, की पाणी त्या बाईच्या कानात गेलं.

"तू पहिल्याच आठवड्यात उपाशी मरशील बघ," म्हणाली. "तिसऱ्यांदा आग्रह होईपर्यंत तुझा हात कधी ताटाकडे गेलाय का?"

"शिकेन मी."

"शीक बाई. आणि नवऱ्याला विचार, एवढ्या वर्षांत तो शिकला का."

९ डिसेंबर, सोमवार

आज निदालने मला एकटीला फोन केला, पार्लरवर असताना. नेहमीसारखाच गाडीतून. तो गाडीतूनच बोलतो, म्हणतो खोलीत रेंज नाही. मी म्हटलं व्हिडिओ लाव, तुझा चेहरा बघून महिने झाले. तर म्हणाला गाडीत अंधार आहे.

"उगाच डोकं शिणवू नकोस," म्हणाला. "परीक्षा अवघड असते. इथे शिकल्यासवरलेल्या बायका नापास होतात. झालीस नापास तर लाज वाटून घेऊ नकोस, मी काही म्हणणार नाही."

"मी पास होणार आहे."

"हो, हो. पण थंडी बघ इथली. आणि खोली एकच, तीही दुसऱ्याच्या घरात."

"आपण दोघंच तर आहोत. एका खोलीत मावणार नाही का?"

मग पगाराचा दाखला आणि घरभाड्याचा करार पाठव म्हटलं, व्हिसाच्या अर्जाला लागतात. बघतो म्हणाला. हे तिसऱ्यांदा. बिचारा बारा-बारा तास भट्टीपुढे उभा असतो, त्यात मी कागदांचा तगादा लावते. फोन ठेवल्यावर मलाच वाईट वाटलं. पण कागद तर लागणारच ना.

२७ डिसेंबर, शुक्रवार

परीक्षा आता दहा दिवसांवर आली आहे. चमचा हातात घेतला तरी त्याचं इंग्रजी नाव आठवून बघते. भाजी चिरताना, गिऱ्हाइकाच्या भुवया कोरताना, नळाखाली मोजे धुताना तोंड चालू असतं. परीक्षेत घरच्यांबद्दल विचारतातच, म्हणून आज ती वाक्यं घोकत होते आणि अम्मतीला मुद्दाम अर्थ सांगत होते, म्हणजे तिलाही बरं वाटेल. 'माझा नवरा लीड्सला राहतो. तो एकटा राहतो. तो माझी वाट बघतो.'

अम्मती तांदूळ निवडत होती. एकदम म्हणाली, "हे नको म्हणूस."

"का? चुकलं का काही?"

"मला काय कळतंय चुकलं की बरोबर. पण नको म्हणूस. दुसरं काहीतरी म्हण."

आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मी गेल्यावर तिचं कसं व्हायचं, हीच काळजी, दुसरं काय. तिची धाकटी मुलगी गल्लीच्या टोकाला राहते, ती येऊन राहणार आहे हे ठरलंय, तरी. मी तिला जवळ घेतलं. एरवी ती असलं काही करू देत नाही. आज बराच वेळ बसून राहिली, आणि म्हणाली, "तू मला मुलीपेक्षा जवळची आहेस, सुहेर. हे लक्षात ठेव, काहीही झालं तरी." मी म्हटलं, व्हायचंय काय, मी काही मरायला निघाले नाही.

६ जानेवारी, सोमवार

सगळं संपलं. उद्या लिहीन.

७ जानेवारी, मंगळवार

काल सकाळी झरकाहून बसने राजधानीत, अम्मानला गेले. परीक्षा घेणारी बाई इंग्रज होती, पांढऱ्या केसांची, हसरी. मी दारातच 'बरी आहे' म्हणून गप्प बसले. तिने नाव, गाव, काम विचारलं. मी सांगितलं, फडाफडा. मनात म्हटलं, केकचा तुकडा. ती माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, "किती सुंदर कडं आहे!"

कडं लग्नातलं. आणि मी काय केलं? जे माझी आई करते, फेर्याल करते, झरकातली कुठलीही शहाणी बाई करते तेच. वस्तूचं कौतुक झालं की ती काढून समोर धरायची आणि म्हणायचं, घे, तुझंच आहे. मग समोरची म्हणते, छे गं, ज्याचं त्यालाच शोभतं. आपण आणखी एकदा ढकलायचं, तिने शपथ घालायची, आणि वस्तू परत आपल्या हातात. कुणी म्हणून घेत नाही. आणि पुढे न करावं, तर बाई किती हावरट म्हणतील. विचार करून नाही केलं मी ते. हाताने आपोआप केलं. कडं तिच्या टेबलावर ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमच्यासाठी. घ्या."

तिचं हसू गेलं. तिने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं ती लाजते आहे, म्हणून मी कडं आणखी पुढे ढकललं. देवा, ढकललं मी ते! तिने रेकॉर्डिंग बंद केलं आणि बाहेरून एका माणसाला बोलावलं. कड्याकडे त्याने असं बघितलं, जसा काही मी टेबलावर उंदीर ठेवला होता. परीक्षा रद्द. परीक्षकाला लाच देण्याचा प्रयत्न. चौकशी होईल, आणि आरोप खरा ठरला तर दोन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही.

लाच! ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तिला लाच देणारी मी!

दोन वर्षांनी मी एकेचाळीसची असेन. बसमध्ये मला हुंदके आवरेनात. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं, बाई, कोण गेलं?

१० जानेवारी, शुक्रवार

निदालला सांगायलाच हवं होतं. शेजारणींना आज अम्मतीने कॉफी पाजून लवकर वाटेला लावलं. मी रडत रडत सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला तर नाहीच, उलट असा काही हसला, की मला लग्नानंतरचा निदाल आठवला. एवढा मोकळा आवाज त्याचा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"अगं वेडे, त्यात रडतेस काय? अल्लाची मर्जी. दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील. चौकशीला वगैरे जाऊ नकोस, उगाच अपमान करतील. सोडून दे."

"आणि मूल?"

"अल्ला देईल तेव्हा देईल."

मला धीर द्यायला किती आव आणत होता. त्याच्या जागी मी असते तर डोकं आपटलं असतं. खरं सांगायचं, तर त्यानेही थोडं आपटायला हवं होतं. अम्मतीने आज स्वतः मकलूबा, मटण-वांग्याचा भात, केला, वांगी तळून, गुडघे दुखत असताना. पातेलं उलटं करताना बिस्मिल्ला म्हणाली आणि सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा माझ्या ताटात घातला.

१६ जानेवारी, गुरुवार

चौकशीचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला हजर राहायचं. हवं तर दुभाषा मागता येईल. मिस जुमाना म्हणाल्या, दुभाषा घ्या, माफी मागा, मी लिहून देते, पाठ करा.

"माफी कशाची?"

"सुहेर, हट्ट करू नका. त्यांच्या नियमात ते बसत नाही."

"नियमात बसत नाही हे मान्य. पण मी लाच दिली नाही. माफी मागितली की दिली असंच होईल."

"तुम्हाला जायचंय ना इंग्लंडला?"

जायचंय. फेर्याल म्हणाली, "तू नुसती जा आणि त्या माणसाच्या टायची तारीफ कर. त्याने काढून दिला नाही, तर समज त्यांना संस्कारच नाहीत." मी हसले, पहिल्यांदा इतक्या दिवसांत. पण दुभाषा घेणार नाही. दुभाषा म्हणजे आपलाच कुणीतरी, तो माझी बाजू गुळगुळीत करून सांगेल, आणि मग मला बोलता येत नाही असं ते म्हणतील.

निदालला चौकशीचं सांगितलेलं नाही. तो सोडून दे म्हणाला होता. पास झाले की एकदम सांगेन, आश्चर्याचा धक्का देईन.

२८ जानेवारी, मंगळवार

टेबलापलीकडे एक इंग्रज माणूस आणि लिहून घ्यायला आपल्याकडचीच एक मुलगी. ती मुलगी खाली बघून बसली होती, पण तिला सगळं माहीत होतं, तिच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. मी म्हटलं, मी माझ्या इंग्रजीत सांगते, चुका होतील.

झाल्याही. क्रियापदं पडली असतील जिकडेतिकडे. पण सांगितलं. आमच्याकडे कुणी वस्तू छान म्हटली, तर आम्ही ती देतो. समोरचा घेत नाही. तो घेणार नाही हे आम्हाला माहीत असतं, म्हणून देतो. जेवायला ये म्हणतो, घर तुझंच आहे म्हणतो. हे प्रेमाचं बोलणं. खरोखर घेण्यासाठी नाही.

तो माणूस नीट ऐकत होता. म्हणाला, "मग कुणी खरंच घेतलं तर?"

"कुणी घेत नाही. घेतलं तर देणाऱ्याची पंचाईत होईल. तो नाहीही म्हणू शकणार नाही."

लिहून घेणारी मुलगी खुदकन हसली.

"आणि बोलावणं खरं आहे की नुसतं तोंडचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"चेहऱ्यावरून. चेहरा बघितला की लगेच कळतं."

"आणि चेहरा दिसत नसेल तर?"

याचं उत्तर मला आलं नाही. मला विनाकारण गरगरायला लागलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, एकदाच. मी लगेच घेतला.

शेवटी तो म्हणाला, "तुम्ही छान समजावलंत." आरोप मागे. पुन्हा परीक्षा पुढच्या महिन्यात, नवा परीक्षक. मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली आणि आपल्या भाषेत कुजबुजली, "ताई, माझ्याही आईने असंच केलं असतं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिली. मनगटं मोकळी, कानही मोकळे. फेर्याल म्हणाली होती, दात सोन्याचा असता तर तोही काढून जा. परीक्षकाने घरच्यांबद्दल विचारलं. ती तीन वाक्यं मला तोंडपाठ होती, पण 'तो माझी वाट बघतो' म्हणताना अडखळले. का ते कळत नाही, सोपं वाक्य आहे. एवढ्यावरून नापास केलं तर?

अम्मतीने आल्यावर विचारलंसुद्धा नाही कशी गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पास!

संध्याकाळी निकाल आला. मी अम्मतीच्या खोलीत धावत गेले, तिचे गाल धरले. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मबरूक, पोरी." मी फोन उचलला तर तिने माझा हात पकडला.

"आत्ता नको लावूस. उद्या शुक्रवार आहे, उद्या तोच करेल."

"उद्यापर्यंत कोण थांबणार, अम्मती?"

"कामावर असेल तो. सुहेर, ऐक माझं. त्याच्या वेळेला बोल."

मी ऐकलं नाही, लावला. बराच वाजला. मग कुणीतरी उचलला, पण निदाल नव्हता. एक लहान मूल होतं. मुलगा की मुलगी कळलं नाही, आवाज एवढासाच होता. इंग्रजीत म्हणालं, "हॅलो? कोण आहे?" मी नाव सांगणार, इतक्यात निदालचा आवाज आला, लांबून, जवळ येत, तोही इंग्रजीत. मूल त्याला म्हणालं, "एक बाई आहे. कोण आहे ती?" तो म्हणाला, "कुणी नाही. फोन दे मला. आईकडे जा."

मग तो माझ्याशी आपल्या भाषेत बोलला. कोण, सुहेर का, अगं या वेळी कसा, घरमालकिणीचं पोर आहे, फोनला हात लावतं सारखं. मी म्हटलं, मी पास झाले. तो म्हणाला, "माशाल्ला." मी फोन ठेवला. मी असा त्याचा फोन आधी कधी ठेवला नव्हता.

सगळं पहिल्या चार धड्यांतलं होतं. कोण आहे. कुणी नाही. फोन दे. आईकडे जा. एकही शब्द मला मिस जुमानांना विचारावा लागणार नाही.

अम्मती पलंगाच्या कडेला बसली होती. काय म्हणाला, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, "फोन एका मुलाने उचलला."

कुणाचं मूल, हेही तिने विचारलं नाही.